मेथोट्रेक्सेट सोडून हळदीच्या कॅप्सूल घेऊ का? सोरायसिसबद्दलच्या एका प्रश्नाला लांबलेलं उत्तर

तुमचा प्रश्न मी आधी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे मला नीट कळलाय की नाही ते तुम्हालाही दिसेल. वय ४१. सात वर्षांपासून सोरायसिस, म्हणजे त्वचेवर खपल्यांचे चट्टे उठवणारा आजार. कोपरं, गुडघे आणि डोक्यात. दहा महिन्यांपासून आठवड्यातून एकदा मेथोट्रेक्सेट, म्हणजे भडकलेली प्रतिकारशक्ती दाबणारी गोळी, १५ मिलिग्रॅम. चट्टे बरेच उतरलेत, पण गोळीच्या दुसऱ्या दिवशी मळमळ होते, तोंडाची चव जाते आणि ‘लिव्हर खराब होईल’ ही धास्ती मनात घर करून बसली आहे. एका हितचिंतकानं पाच ‘नैसर्गिक’ गोष्टींची यादी दिली: हळदीचं सत्त्व, माशाचं तेल, ड जीवनसत्त्व, जस्त आणि प्रोबायोटिक, म्हणजे उपयुक्त जिवाणूंच्या कॅप्सूल. यांतलं काय घ्यावं, आणि ते सुरू करून मेथोट्रेक्सेट बंद करावं का? शेवटी जाता जाता तुम्ही एक ओळ टाकली आहे: ‘हल्ली सकाळी बोटं जरा आखडतात, वयामुळे असेल.’

वीसेक वर्षं मी त्वचारोगांचीच ओपीडी चालवतोय. रुग्ण महत्त्वाची गोष्ट दाराच्या कडीला हात घालताना सांगतो, हे आता अंगवळणी पडलंय. म्हणून यादीकडे वळण्याआधी बोटांचं बोलू.

सोरायसिस असलेल्या दहातल्या दोघातिघांना पुढेमागे सांध्यांचा त्रास होतो. बहुतेकांना आधी त्वचेवर दिसतं आणि काही वर्षांनी सांधे धरतात, त्यामुळे सातव्या वर्षी बोटं आखडू लागणं हे मला ‘वयामुळे’ वाटत नाही. ४१ हे काही बोटं आखडायचं वय नव्हे. स्वतःला चार प्रश्न विचारा. सकाळचा ताठपणा अर्ध्या तासापेक्षा जास्त टिकतो आणि हालचाल केली की सुटतो का? एखादं बोट सबंधच्या सबंध सुजून जाड झालंय का, नुसता सांधा नव्हे, अख्खं बोट? अंथरुणातून उतरताना टाच दुखते का? नखांवर सुईनं टोचल्यासारखे बारीक खड्डे पडलेत का, किंवा नख टोकाकडून सुटायला लागलंय का? यांतल्या एकाचंही उत्तर ‘हो’ असेल तर सांधेतज्ज्ञांना दाखवायलाच हवं. इथे एक फसगत नेहमी होते. रक्तातला संधिवाताचा घटक, ज्याला आरए फॅक्टर म्हणतात, तो या सांधेदुखीत बहुधा निगेटिव्हच येतो. रिपोर्ट ‘नॉर्मल’ म्हणून माणूस निर्धास्त राहतो आणि आत हाड झिजत असतं. निदानाला सहा महिन्यांचा उशीर झाला तरी सांध्यांचं कायमचं नुकसान वाढलेलं दिसतं. त्वचा पुन्हा कोरी होऊ शकते, झिजलेला सांधा होत नाही. मेथोट्रेक्सेट सांध्यांवरही काही प्रमाणात काम करतं. ते चालू असताना बोटं आखडत असतील तर ते बंद केल्यावर काय होईल, याचा विचार यादीच्या आधी करायला हवा.

आता मळमळ. मला तर तुमचा खरा प्रश्न हाच वाटतो. गोळी नकोशी झाली आहे म्हणून तुम्ही पर्याय शोधताय. मळमळ थांबली असती तर ही यादी तुम्ही घडी करून ठेवून दिली असती, असा माझा अंदाज आहे.

आणि गंमत अशी की तुमच्या परिस्थितीत सगळ्यात भक्कम पुरावा असलेलं सप्लिमेंट त्या यादीत नाहीच. ते म्हणजे फॉलिक अ‍ॅसिड. मेथोट्रेक्सेट पेशींमधल्या फोलेट या जीवनसत्त्वाच्या कामात अडथळा आणतं, आणि फॉलिक अ‍ॅसिड हे त्याचंच गोळीतलं रूप. फॉलिक अ‍ॅसिड वेगळ्या दिवशी घेतलं की मळमळ, तोंडातले छाले आणि रक्तात लिव्हरच्या एन्झाइम्सचं वाढणं (लिव्हरला त्रास होत असल्याची ही खूण) हे तिन्ही त्रास कमी होतात. तुम्ही ते घेताय की नाही, हे प्रश्नात कुठेच लिहिलेलं नाही. ‘ती तर नुसती व्हिटॅमिनची गोळी’ म्हणून लोक पहिली तीच सोडतात. डोस ठिकठिकाणी वेगळा असतो, आठवड्याला ५ मिलिग्रॅमपासून मेथोट्रेक्सेटचा दिवस सोडून रोज थोडंथोडं इथपर्यंत. तो तुमच्या डॉक्टरांना ठरवू द्या.

एवढ्यानं भागलं नाही तर आणखी वाटा आहेत. गोळी रात्री जेवून, झोपण्याआधी घेतली की मळमळीचा बराच भाग झोपेत निघून जातो. डॉक्टरांच्या सांगण्यावरून त्याच दिवसाचा डोस दोन भागांत विभागता येतो. तरीही जमत नसेल तर तेच औषध त्वचेखाली इंजेक्शननं घेता येतं. पोटातून जात नसल्यामुळे अनेकांना ते फार सुसह्य वाटतं. काहीही बदललं तरी आठवड्याचं औषध रोज घेण्याची चूक होऊ देऊ नका. ती चूक जिवावर बेतू शकते. ठरलेला वार कागदावर अक्षरांत लिहून डबीला चिकटवा.

लिव्हरच्या भीतीवर उपाय म्हणजे ठरल्या वेळी रक्त तपासणं आणि दारू बंद ठेवणं किंवा अगदी मोजकी करणं. भीती अनाठायी नाही, पण तिला तारीख आणि आकडे दिले की ती आटोक्यात येते.

इथवर आलोच आहोत तर एक गैरसमज काढून टाकू, कारण निम्मी ‘नैसर्गिक’ बाजारपेठ त्याच्यावर उभी आहे. ‘प्रतिकारशक्ती वाढवा, त्वचा आपोआप सुधारेल.’ सोरायसिसमध्ये प्रतिकारशक्ती कमी पडलेली नसते. ती नको तिथे, नको तेवढी कामाला लागलेली असते. त्वचेतल्या काही पेशी सतत धोक्याची घंटा वाजवत राहतात. त्या संदेशांना टीएनएफ, इंटरल्यूकिन १७, इंटरल्यूकिन २३ अशी नावं आहेत, आणि आजची महागडी जैविक इंजेक्शनं नेमकी याच संदेशांना अडवतात. घंटेमुळे त्वचा घाईला येते. एरवी त्वचेचा थर तळातून वर येऊन झडायला साधारण महिना घेतो, सोरायसिसच्या चट्ट्यात तेच तीन ते पाच दिवसांत उरकतं. अर्धवट पिकलेल्या पेशी वर येऊन साचतात, त्याच त्या चंदेरी खपल्या. अशा माणसानं प्रतिकारशक्तीला आणखी चिथावणारं काही घेणं म्हणजे आगीवर पंखा धरणं. त्यामुळे बाटलीवर ‘इम्युनिटी बूस्टर’ लिहिलेलं काहीही, एकिनेशिया असो, स्पिरुलिना असो, गुळवेल असो, ते माझ्या रुग्णांनी टाळावं असं मी सांगतो. गुळवेलीनंतर लिव्हरला सूज आल्याच्या नोंदीही आहेत, आणि तुमच्या लिव्हरवर आधीच एका औषधाची देखरेख चालू आहे.

आता यादी. क्रम मी बदलतोय.

माशाच्या तेलाची गोष्ट मला आवडते, कारण सप्लिमेंटच्या अभ्यासांत काय काय घडू शकतं ते तिच्यात सगळं आहे. १९८८ साली ‘लॅन्सेट’मध्ये एक छोटा अभ्यास आला. २८ रुग्ण, आठ आठवडे, निम्म्यांना रोज माशाच्या तेलाच्या दहा कॅप्सूल आणि निम्म्यांना दुसरं तेल. माशाच्या तेलाच्या गटात खाज, लाली आणि खपल्या कमी झाल्या. सगळीकडे उत्साह. पाच वर्षांनी, १९९३ मध्ये, ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये त्याहून बराच मोठा अभ्यास छापून आला: १४५ रुग्ण, चार महिने, माशाचं तेल विरुद्ध मक्याचं तेल. फरक पडला नाही. म्हणजे माशाचं तेल कुचकामी का? तसंही नाही म्हणता येत. त्यानंतरचे अभ्यास दोन्हीकडे झुकलेले आहेत. मलमं किंवा किरणोपचार चालू असताना जोडीला घेतल्यावर थोडा उपयोग दिसतो, एकट्यानं घेतल्यावर फारसा नाही. माझ्या ओपीडीतही तसंच दिसतं. खाज जरा कमी झाली असं सांगणारे भेटतात. नुसत्या तेलानं चट्टे गेले असं दाखवणारा एकही आठवत नाही. घ्यायचंच असेल तर मी आडवा येत नाही, फक्त दोन गोष्टी पाहतो. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल किंवा हृदयाचे ठोके अनियमित असतील तर मोठा डोस नको. आणि ‘माशाचं तेल’ वेगळं, ‘कॉड माशाच्या यकृताचं तेल’ वेगळं. दुसऱ्यात अ आणि ड जीवनसत्त्वं भरपूर असतात. उद्या तुमचं औषध बदलून अ‍ॅसिट्रेटिन झालं, जे अ जीवनसत्त्वाचंच भावंड आहे, तर हे तेल त्यात भर घालून विषबाधेपर्यंत नेऊ शकतं.

ड जीवनसत्त्वाबद्दल लोकांचा विश्वास दांडगा आहे आणि त्याला कारणही आहे. १९८५ मध्ये जपानमधल्या डॉक्टरांनी हाडांच्या ठिसूळपणासाठी ड जीवनसत्त्वाचं एक रूप घेणाऱ्या रुग्णाचा सोरायसिस सुधारल्याचं नोंदवलं. त्याच धाग्यावरून पुढे कॅल्सिपोट्रिऑलसारखी मलमं आली, आणि ती आजही आम्ही रोज लिहून देतो. पण मलमात जे चालतं ते तोंडानं घेऊन चालेलच असं नाही. २०२३ मध्ये नॉर्वेच्या ट्रोम्सो शहरातला अभ्यास प्रसिद्ध झाला. तिथे हिवाळ्यात सूर्य जेमतेमच दिसतो, म्हणजे ड जीवनसत्त्वाचा उपयोग दिसायचाच असेल तर तो तिथे दिसायला हवा. १२२ रुग्णांना चार महिने दर आठवड्याला २०,००० युनिट किंवा नुसत्या बिनऔषधी गोळ्या दिल्या. रोगाच्या तीव्रतेत फरक आढळला नाही. म्हणून माझा नियम साधा आहे: रक्तात कमतरता असेल तर भरून काढायची, हाडांसाठी आणि एकूण तब्येतीसाठी. कमतरता नसताना सोरायसिससाठी म्हणून वर ओतायचं नाही.

हे इतक्या ठासून सांगण्याचं कारण एक रुग्ण आहे. पन्नाशीचे गृहस्थ, व्यवस्थित स्वभावाचे, सगळी बिलं फाइलला लावणारे. तक्रार सोरायसिसची नव्हतीच. सारखी तहान, रात्री चारचार वेळा लघवीला उठणं, बद्धकोष्ठ. म्हटलं, घरात जे जे घेता ते सगळं पिशवीत भरून आणा. त्यांनी टेबलावर सात बाटल्या मांडल्या. आम्ही दोघांनी भिंग घेऊन मागची लेबलं वाचली. ‘हाडांसाठी’ असलेल्या गोळीत ड जीवनसत्त्व, ‘त्वचा आणि केसांसाठी’ असलेल्या गोळीत ड जीवनसत्त्व, मल्टिव्हिटॅमिनमध्ये ड जीवनसत्त्व. भरीला दर आठवड्याची ६०,००० युनिटची पुडी. ती आठ आठवड्यांसाठी लिहून दिली होती आणि ते सव्वा वर्ष घेत होते, कारण कुणी ‘थांबा’ म्हटलंच नव्हतं. जोडीला कॅल्सिपोट्रिऑलचं मलम सढळ हातानं, ज्याची आठवड्याची कमाल मर्यादा १०० ग्रॅम असते, कारण तेही रक्तातलं कॅल्शियम वाढवू शकतं. कॅल्शियम तपासलं, वाढलेलं निघालं. सगळ्या बाटल्या बंद केल्यावर काही आठवड्यांत ते ताळ्यावर आलं. त्यांनी एकही गोष्ट चुकीची घेतली नव्हती. सगळ्या मिळून चुकल्या होत्या.

हळद. इथे जरा थांबावं लागेल, कारण तुमच्या बाबतीत सगळ्यात जास्त सावध राहायचं ते इथेच.

स्वयंपाकातल्या हळदीबद्दल मी बोलत नाहीये. ती चालू ठेवा. प्रश्न सत्त्वाचा, म्हणजे कर्क्युमिनच्या कॅप्सूलचा आहे. प्रयोगशाळेतल्या बशीत कर्क्युमिन जळजळीचे संदेश दाबतं हे खरं. अडचण अशी की तोंडानं घेतलं तर ते रक्तात फारच थोडं पोचतं. २००८ च्या एका छोट्या अभ्यासात १२ रुग्णांनी रोज साडेचार ग्रॅम घेतलं. दोघांना झकास फरक पडला, बाकीच्यांना नाही, आणि ते दोघं आपोआपच सुधारले नसतील असं छातीठोकपणे सांगायला तुलनेचा गटच नव्हता. २०१५ मध्ये इटलीत ६३ रुग्णांवर जास्त नीटसा अभ्यास झाला. चांगलं शोषलं जाणारं कर्क्युमिन, बारा आठवडे, दोन्ही गटांना स्टिरॉइडचं मलम. कर्क्युमिनवाल्या गटात सुधारणा अधिक दिसली. म्हणजे मलमाच्या जोडीला, सौम्य आजारात, थोडा उपयोग असू शकतो. मी याला ‘आशादायक, पण पुरेसं नाही’ या खणात ठेवतो.

आता दुसरी बाजू. शोषण वाढावं म्हणून कंपन्या कॅप्सूलमध्ये मिऱ्यातलं पायपरिन घालतात. १९९८ च्या एका प्रयोगात २० मिलिग्रॅम पायपरिननं माणसांमध्ये कर्क्युमिनचं शोषण वीसपट वाढलं होतं. जाहिरातीत हा आकडा मोठ्या अक्षरांत असतो. मात्र पायपरिन हे करतं ते आतड्याची आणि लिव्हरची बाहेरचे पदार्थ मोडून काढायची यंत्रणा मंदावून, आणि ती यंत्रणा फक्त हळदीपुरती मंदावत नाही. अमेरिकेत औषधांमुळे होणाऱ्या लिव्हरच्या दुखापतींची पद्धतशीर नोंद ठेवली जाते. २०२२ मध्ये त्यांनी हळदीच्या सप्लिमेंटशी जोडलेले दहा रुग्ण मांडले. पाच जणांना रुग्णालयात भरती व्हावं लागलं, एक दगावला. कोट्यवधी लोक हळद खातात, त्यामानानं दहा म्हणजे काहीच नाही, हे मला मान्य आहे. पण तुम्ही मेथोट्रेक्सेटवर आहात आणि तुमची मूळ भीतीच लिव्हरची आहे. मेथोट्रेक्सेटच्या जोडीला जास्त शोषली जाणारी हळदीची कॅप्सूल घेतली आणि उद्या एन्झाइम्स वाढले, तर दोष कुणाचा हे कुणालाच सांगता येणार नाही.

हे पुस्तकी नाही. काही वर्षांपूर्वी एका बाईंचे एन्झाइम्स अचानक चढले. मेथोट्रेक्सेट छान लागू पडलं होतं, तरी मी ते थांबवलं. त्वचा पुन्हा भडकली. दोन महिन्यांनी, बोलता बोलता, त्यांनी सांगितलं की एक ‘आयुर्वेदिक’ कॅप्सूल चालू होती. मला आधी का नाही सांगितलंत, असं विचारल्यावर त्या म्हणाल्या, ‘मागे एकदा मी काढ्याचं विचारलं तेव्हा तुम्ही हसला होतात.’ हसलो असेन, आठवत नाही. ते हसू त्यांना सहा महिन्यांना पडलं. तेव्हापासून ‘दुसरं काही घेता का’ असा प्रश्न मी विचारत नाही. ‘दुसरं काय काय घेता’ असं विचारतो, आणि सांगितलं तर तोंड सरळ ठेवतो.

जस्ताचं पटकन आटोपू. तोंडानं जस्त घेऊन सोरायसिस सुधारतो असं तुलनेच्या अभ्यासांत दिसलेलं नाही. महिनोन्‌महिने मोठा डोस घेतला तर शरीरातलं तांबं कमी होतं, त्यातून रक्तक्षय आणि नसांचा त्रास होऊ शकतो. सोडून द्या. नखांसाठी म्हणून बायोटिन सुरू करायचा मोह होईल, तेही नको. सोरायसिसच्या नखांवर त्याचा उपयोग नाही, उलट थायरॉइडसारख्या काही रक्ततपासण्यांचे आकडे ते बिघडवून दाखवतं.

प्रोबायोटिकबाबत मी जरा मोकळा आहे. २०१९ मध्ये स्पेनमधल्या ९० रुग्णांच्या अभ्यासात बारा आठवड्यांनंतर तीव्रतेचा गुणांक ७५ टक्क्यांनी उतरलेले रुग्ण प्रोबायोटिकच्या गटात ६६.७ टक्के निघाले आणि बिनऔषधी गटात ४१.९ टक्के. फरक चांगला आहे. पण दुसरा आकडा पुन्हा वाचा: काहीही खास न घेता ४१.९ टक्के! मलम दोन्ही गटांना होतं, नियमित तपासणी होती, आणि आपल्यावर कुणाचं तरी लक्ष आहे ही जाणीव होती. शिवाय सोरायसिस मुळातच चढउतारांचा आजार. माणूस नवीन गोळी कधी सुरू करतो? त्रास शिगेला पोचल्यावर. शिगेनंतर बहुधा उतारच असतो, आणि श्रेय गोळीला मिळतं. तुमच्या हितचिंतकाला हळदीनं बरं वाटलं असेल, ते खोटं नाही. फक्त कशानं बरं वाटलं हे त्यांनाही ठाऊक असेलच असं नाही. प्रोबायोटिकमध्ये अमुक जातीच्या जिवाणूंवर झालेला अभ्यास दुसऱ्या जातीला लागू पडत नाही, हेही ध्यानात ठेवा. प्रतिकारशक्ती फार दाबणारी औषधं चालू असतील तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नका.

‘नैसर्गिक’ या शब्दाशी माझं वैर आहे असं वाटू देऊ नका. १९५९ मध्ये श्वेकेंडीक नावाच्या जर्मन रसायनशास्त्रज्ञानं स्वतःच्या सोरायसिसवर फ्युमॅरिक अ‍ॅसिडचे प्रयोग केले. हे आम्ल शरीरात आणि वनस्पतींत आढळतं. शरीरात ते कमी पडतं म्हणून सोरायसिस होतो, असा त्याचा तर्क होता. तर्क चुकला, औषध मात्र लागू पडलं. त्याचंच रूप असलेलं डायमिथाइल फ्युमरेट आज मान्यताप्राप्त औषध आहे आणि ते घेताना पांढऱ्या पेशी नियमित मोजाव्या लागतात. बावचीचंही तसंच. तिच्यातलं सोरालेन त्वचेला उन्हाबाबत संवेदनशील करतं. सोरालेन आणि अतिनील किरण यांचा एकत्रित उपचार १९७४ पासून सोरायसिसमध्ये रुळला. डोस आणि किरण मोजून दिले तर उपचार, आणि बावचीची पूड मनानं घेऊन उन्हात गेलं तर भाजलेली कातडी. भाजलेल्या, खरचटलेल्या जागी सोरायसिस नव्यानं उगवतो हे तुम्ही अनुभवलं असेलच. नीळ काढतात त्या वनस्पतींपासून बनणारी एक पारंपरिक पूड तेलात कालवून लावली तर काही अभ्यासांत चांगली ठरली; तीच पोटात घेणाऱ्या काही रुग्णांच्या फुप्फुसातल्या रक्तवाहिन्यांचा दाब वाढला आणि २०१६ मध्ये जपानच्या आरोग्य खात्याला इशारा द्यावा लागला. वनस्पतीत ताकद असेल तर तिचे दुष्परिणामही असणारच. अजिबात दुष्परिणाम नसलेल्या औषधाचा परिणामही तेवढाच असतो.

आणि भेसळ. चमत्कार वाटावा इतक्या झपाट्यानं त्वचा साफ करणारं ‘वनौषधी’ मलम दिसलं की मला पहिली शंका स्टिरॉइडची येते. १९९९ मध्ये ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये अशा ११ मलमांची तपासणी छापून आली होती, ८ मध्ये डेक्सामेथासोन हे स्टिरॉइड निघालं. तोंडानं घ्यायच्या पुड्यांत ते असलं तर आणखी वाईट, कारण पोटातलं स्टिरॉइड एकदम थांबलं की सोरायसिस अंगभर उसळू शकतो, कधी पू भरलेल्या पुटकुळ्यांच्या रूपात, आणि थेट रुग्णालय गाठावं लागतं. घटकांची यादी नसलेली पुडी कितीही विश्वासू माणसानं दिली तरी घेऊ नका.

मग करायचं काय? इथे बरंच काही तुमच्या परिस्थितीवर आहे आणि ते मला दिसत नाही. वजन किती, दारू-सिगारेट किती, बाकी गोळ्या कोणत्या, घरात बाळाचा विचार चालू आहे का. तुम्ही स्त्री असाल तर मेथोट्रेक्सेटवर असताना गर्भधारणा होऊ देता येत नाही, पुरुष असाल तरी आधी डॉक्टरांशी बोलून घ्यायला हवं. रक्तदाबासाठी बीटा ब्लॉकर किंवा मानसिक आजारासाठी लिथियम चालू असेल तर ही औषधंच सोरायसिस भडकवू शकतात. तिथे सप्लिमेंट शोधत बसण्यापेक्षा ती बदलता येतात का ते विचारणं जास्त फायद्याचं. फक्त तीही आपल्या मनानं बंद करायची नाहीत. आणि वजन जास्त असेल तर या पाचही बाटल्यांपेक्षा मोठा फरक वजन उतरवल्यानं पडेल. २०१४ च्या इटलीतल्या ३०३ रुग्णांच्या अभ्यासात वीस आठवडे आहार आणि व्यायाम सांभाळणाऱ्यांचा गुणांक ४८ टक्क्यांनी उतरला, नुसता सल्ला मिळालेल्यांचा २५.५ टक्क्यांनी. हे बाटलीत मिळत नाही म्हणून त्याची जाहिरात होत नाही.

तरीही एखादं सप्लिमेंट करून बघायचं असेल, तर मी रुग्णांना असं करायला सांगतो. आधी मेथोट्रेक्सेट आणि मळमळीचं गणित बसू द्या, महिनाभर काही बदलू नका. मग एकच गोष्ट निवडा. तुमच्या बाबतीत मी माशाचं तेल किंवा प्रोबायोटिक म्हणेन, हळदीची कॅप्सूल नाही. डॉक्टरांना सांगून सुरू करा. सुरू करण्याच्या दिवशी एका कोपराचा फोटो काढा, त्याच खिडकीपाशी, त्याच वेळी, शेजारी एक नाणं ठेवून. दर दोन आठवड्यांनी तसाच. बोटांसकट तुमचा तळहात म्हणजे अंगाच्या त्वचेचा साधारण एक टक्का. चट्टे किती तळहातांचे आहेत ते वहीत लिहा आणि खाजेला शून्य ते दहा गुण द्या. बारा आठवडे. मधे दुसरं काही नवीन नाही, नवा साबणही नाही. बारा आठवड्यांनी फोटो शेजारीशेजारी ठेवून घरातल्या दुसऱ्या कुणाला तरी विचारा, तारखा झाकून, की यातला आधीचा कोणता. त्यांना ओळखता आलं नाही तर बाटली बंद. ओळखता आलं तर महिनाभर थांबवून बघा. त्रास परत आला तरच ती तुमच्यासाठी कामाची.

हा खटाटोप कुणाला अति वाटतो. पण एकदम पाच बाटल्या सुरू करणाऱ्याला पुढची दहा वर्षं त्या पाचही घ्याव्या लागतात, कारण कोणती सोडायची हे त्याला कधीच कळत नाही.

हे सगळं सावकाशीनं करा. बोटांचं मात्र याच आठवड्यात दाखवा, आणि वेळ सकाळची घ्या, ताठपणा असतानाच तपासता येईल अशी. नखांवर रंग असेल तर काढून जा. घरातल्या बाटल्याही पिशवीत घालून न्या, संपलेल्या असल्या तरी. लेबल रिकाम्या बाटलीवरही असतंच.